निंबाळवाडीत जन्माला येण्याची रीत

माणूस नेमका कधी जन्मला हे त्याच्या आईला कळत नाही. ती त्या वेळी दुसऱ्या कामात असते. ते मुख्याध्यापकांना कळतं. आणि तेही पाच वर्षांनी, शांतपणे, रजिस्टर पुढ्यात घेऊन पेनाचं टोपण काढल्यावर. जिथे जिथे प्राथमिक शाळा आहे तिथे तिथे हे सत्य लागू असावं. आमच्या निंबाळवाडीत ते लागू आहे, एवढं मी स्वतः पाहिलेलं आहे.

लासलगावहून येवल्याकडे येताना एसटी ज्या फाट्यावर थांबते (हात दाखवला तर, नाहीतर नाही), तिथून आत दोन किलोमीटर निंबाळवाडी. गावात मारुतीचं देऊळ एक, पिठाची गिरणी एक आणि पहिली ते चौथीची शाळा एक. शाळेच्या दाखल-रजिस्टरात १९५४ पासून एकूण अकराशे सेहेचाळीस मुलांची नावं आहेत. त्यांपैकी अकराशे एकोणचाळीस मुलं एक जूनला जन्मली. उरलेल्या सातांपैकी चार बदलीवर आलेल्या तलाठी-ग्रामसेवकांची, म्हणजे बाहेरची. दोन मुलं दोन जूनला जन्मली, कारण त्यांच्या साली एक जूनला रविवार आला होता आणि सुट्टीच्या दिवशी जन्म नोंदवणं तेव्हाच्या गुरुजींच्या मनाला पटेना. (पुढे कोणीतरी त्यांच्या लक्षात आणून दिलं, की सुट्टी शाळेला असते, जन्माला नसते.) सातव्याच्या तारखेची जागा कोरी आहे. तो पुढे सरपंच झाला.

या पद्धतीचे फायदे बाहेरच्यांना चटकन दिसत नाहीत. आमच्याकडे कोणी कोणाचा वाढदिवस विसरत नाही, आणि एकालाच केक कापावा लागत नाही, म्हणून कोणीच कापत नाही. गावात कोणी कोणापेक्षा तीन महिन्यांनी मोठा, पाच महिन्यांनी धाकटा असला किरकोळ प्रकार नाही. जो मोठा आहे तो पूर्ण वर्षांनी मोठा. पुंजाभाऊंच्या घरी तिघे भाऊ. त्यांतले थोरला आणि मधला रजिस्टरप्रमाणे एकाच वर्षी एकाच दिवशी जन्मले, पण ते जुळे नाहीत. ते एकाच वर्षी शाळेत घातले गेले, एवढंच. त्यांच्या आईला हे कळवण्यात आलं तेव्हा ती म्हणाली, "तरीच कंबर लय दुखत व्हती."

मी मात्र पंचवटीतली. बी. ए., अर्थशास्त्र, दुसरा वर्ग. सत्त्याण्णव साली लग्न होऊन इथे आले आणि त्या वर्षीच्या एक जूनला नवऱ्याला, म्हणजे मनोजला, चौकड्याचा शर्ट आणला. तो शर्ट हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. त्याला वाटलं कोणाच्या तरी लग्नाला जायचंय. शेवटी माझ्या सासूबाई, सगुणाबाई, यांनी खुलासा केला. त्या म्हणाल्या, मनोज झाला तेव्हा कांदा साठवणीच्या चाळीत भरायला घेतला होता. चौथ्या पाटीला कळा सुरू झाल्या. त्याच दिवशी चांदी म्हैस व्याली, तिला पारडी झाली आणि मला हा. म्हणजे एप्रिलचा मध्य धरायला हरकत नाही. चांदीची पारडी पुढे अकरा वेतं व्याली आणि त्या प्रत्येकाची तिथी सासूबाईंना तोंडपाठ होती. मनोजची तारीख मात्र शाळेकडे असल्यामुळे त्यांनी ती लक्षात ठेवली नव्हती.

हे मी ऐकून घेतलं. मी तेव्हाच ठरवलं, की आपलं मूल असं हवेत जन्मणार नाही.

त्याप्रमाणे सृष्टी चार ऑक्टोबर एकोणीसशे अठ्ठ्याण्णव रोजी, रविवारी, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी नाशिकच्या दवाखान्यात जन्मली. सात-वीस हे मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, आणि ते घड्याळ बरोबर आहे ना, हे नर्सला विचारलं. (ती पुढच्या खाटेकडे गेली.) आठव्या दिवशी वडिलांना पाठवून जन्माचा दाखला काढून घेतला, नवव्या दिवशी त्याला लॅमिनेशन केलं. बारशाला निंबाळवाडीच्या बायका आल्या, त्यांना मी पेढ्याबरोबर दाखला दाखवला. गावानं पाहिलेला तो पहिलाच जन्माचा कागद. सगळ्यांनी तो हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला आणि एकीने त्याला हळदकुंकू वाहिलं. प्लास्टिकवरचा तो डाग अजून आहे.

पुढची पावणेपाच वर्षं मी तो कागद पर्समध्ये घालून हिंडले आणि सृष्टीला दोन वर्षांची असल्यापासून पूर्ण नाव, गाव आणि जन्मतारीख पाठ करून घेतली. मूल जत्रेत हरवलं तर सांगता आलं पाहिजे. (आमची जत्रा मारुतीच्या देवळापासून गिरणीपर्यंत भरते. हरवायला तिथे जागा नाही. पण माणसानं तयारीत असावं.)

तर जून २००३. शाळा सोमवारी, सोळा तारखेला उघडली आणि नव्या वर्षाच्या ठळक बातम्या व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहिण्यात आल्या. घंटेऐवजी जुन्या ट्रॅक्टरची लोखंडी ताटली टांगण्यात आली असून ती गिरणीपर्यंत ऐकू जाते. मुलामुलींसाठी दोन स्वच्छतागृहं बांधून पूर्ण झाली आहेत. ती घाण होऊ नयेत म्हणून कुलूप लावण्यात आलं आहे. जगाचा नकाशा आला आहे, तो भिंतीपेक्षा मोठा निघाल्यानं अमेरिका कपाटामागे गेली आहे. पालकांनी काळजी करू नये, ती चौथीपर्यंत विचारत नाहीत. मुलांना शाळेतच शिजवलेली खिचडी मिळेल, ती कुसाबाई करतील. मागच्या वर्षी हरवलेला फूटबॉल सापडला असून तो आता गोल नाही.

आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: एकूण पट, साठ.

या साठमध्येच सगळी गोम होती. तालुक्याहून आलेल्या पत्राप्रमाणे त्या वर्षी तिसरा शिक्षक टिकवायला पटावर एकसष्ट मुलं लागत होती. साठ मुलांना दोन शिक्षक पुरतात आणि एकसष्टावं मूल आलं की तीन लागतात. हे एकसष्टावं मूल किती द्वाड असेल याची शासनाला पूर्ण कल्पना असावी. तिसऱ्या शिक्षक म्हणजे मीना मॅडम. पट साठवर राहिला, तर पत्राच्या भाषेत त्यांचं 'अन्यत्र समायोजन' होणार होतं, म्हणजे त्या जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सुरगाण्याकडे जाणार होत्या.

मीना मॅडम येवल्याहून सकाळच्या एसटीनं यायच्या आणि पहिलीला शिकवायच्या. शाळेच्या पहिल्या दिवशी जी मुलं गळा काढतात, त्यांना बाकीचे शिक्षक "गप बस" म्हणतात. मीना मॅडम शेजारी मांडी घालून बसत आणि म्हणत, "तुझं रडून झालं की सांग, मी थांबते." मूल थोडा वेळ रडायचं, मग त्याला मॅडमना ताटकळत ठेवल्याचं वाईट वाटायचं. आमची सृष्टी त्याच व्हरांड्यातल्या अंगणवाडीत होती, पण साडेतीन वर्षांची असतानाच ती आपली पाटी घेऊन सरकत सरकत पहिलीच्या दारात जाऊन बसली होती. वर्षभर ती तिथे होती. तिला बारापर्यंत पाढे येत होते आणि ती कोणत्याच पटावर नव्हती.

साहजिकच साठ मुलं मोजून झाल्यावर सगळ्या गावाची नजर तिच्यावर गेली.

मुख्याध्यापक गोटीराम गुरुजी आमच्याकडे आले. हा माणूस अतिशय सज्जन. त्यांची स्वतःची जन्मतारीख एक जून, त्यामुळे ते पुढच्या वर्षी एकतीस मेला निवृत्त होणार होते. (एक जूनला जन्मलेला सरकारी माणूस एकतीस मेला निवृत्त होतो. त्या दिवशी आमच्या पंचक्रोशीत शाल आणि नारळ मिळत नाहीत.) चहा झाला, कांद्याच्या भावाचं झालं, मग ते म्हणाले, की सृष्टीचं नाव घालून टाकू या. पाच पूर्ण पाहिजेत एक जूनला.

मी म्हटलं, "पण तिला चार ऑक्टोबरला पाच होतील." आणि पर्समधून दाखला काढला.

गुरुजींनी चष्मा लावला, कागद वाचला आणि बोटानं प्लास्टिक दाबून पाहिलं. त्यांचा चेहरा पडला.

"ताई, हे तुम्ही प्लास्टिकात घातलंत. साध्या कागदाला वाळवी लागते, उंदीर लागतो, पाणी लागतं. कागद माणसाला समजून घेतो. ह्याचं आता काय करायचं?"

मला वाटलं होतं ते शाबासकी देतील.

त्यांनी पुढचा पेच समजावून सांगितला. शेजारच्या कुठल्याशा गावात मागच्या वर्षी एक मूल एकाच दिवशी दोन शाळांत हजर सापडलं होतं. तेव्हापासून विस्तार अधिकारी पहिलीच्या प्रत्येक मुलाचं वय जातीनं तपासत. नियम असा होता: वयाचा पुरावा असल्यास पुरावा ग्राह्य धरावा, नसल्यास प्रचलित पद्धतीनं खात्री करावी. पहिलीत एकूण चौदा मुलं होणार, त्यांपैकी तेरांकडे पुरावा नव्हता. त्यामुळे ती तेराच्या तेरा पाच वर्षांची होती. पुरावा फक्त आमच्याकडे होता, म्हणून आमचीच मुलगी लहान ठरत होती. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, पण मला या विचारात कुठेही चूक सापडेना.

प्रचलित पद्धत म्हणजे कान. ज्यांना ती ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. साहित्य: मूल एक, हात एक, कान दोन (त्यांपैकी एक राखीव). कृती: मुलानं उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यावा आणि डाव्या कानाला लावावा. निष्कर्ष: बोट कानाला टेकल्यास पाच वर्षं पूर्ण, न टेकल्यास पुढच्या वर्षी या. या उपकरणाला वीज लागत नाही, ते बिघडत नाही, आणि आमच्या जिल्ह्यातले कित्येक डॉक्टर-इंजिनिअर याच मार्गानं पुढे गेलेले आहेत.

गुरुजींनी सृष्टीला जवळ बोलावलं. तिनं हात वर नेला. बोट कानाच्या वर येऊन थांबलं. बरोबर एक बोटभर कमी.

"चार ऑक्टोबर," गुरुजी पुटपुटले. पद्धत किती अचूक आहे याचा मला तेव्हा पहिल्यांदा प्रत्यय आला.

बातमी गावभर झाली. आमच्याकडे माणसं येऊ लागली. कोणी आग्रह केला नाही, सगळे फक्त मदत देऊ करत होते. पुंजाभाऊ म्हणाले, कागद गाईनं खाल्ला म्हणा, गाय मी देतो. खिचडीवाल्या कुसाबाईंनी चुलीजवळची जागा दाखवली आणि प्लास्टिक आधी जळतं की कागद, याबद्दल कुतूहल व्यक्त केलं. चंदर, जो लिंबाखाली केस कापतो, तो म्हणाला, की वहिनी, दोन वेण्या आणि मधला भांग मिळून पोरीची उंची बोटभर वाढलीय. केस बारीक केले तर हात आपोआप पोचतो. जाता-येता जो तो सृष्टीला "दाव गं कान" म्हणायचा. गिरणीत, हापशावर, मारुतीच्या पायरीवर पोरगी सतत डोक्यावरून हात नेत होती. फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या परगावच्या एका गृहस्थांना वाटलं, तिच्या मानेत काहीतरी भरलंय. त्यांनी मला शेकायला सांगितलं.

मी मात्र कॅलेंडरच्या पाठीमागे दोन रकाने आखले. तारीख बदलली तर काय काय होईल? दहावीला ती वर्गात सगळ्यांत लहान असेल, पण कागदावर नसेल. म्हणजे मार्क कमी पडले तर सबबही नाही. कायद्यानं ती चार महिने तीन दिवस आधी अठरा वर्षांची होईल. तेवढे दिवस आधी स्थळं येऊ लागतील. नोकरीतून एकतीस ऑक्टोबर दोन हजार छप्पन्नऐवजी ती एकतीस मेलाच घरी बसेल. पाच महिने बुडाले. (कुठल्या नोकरीतून, हे तेव्हा ठरलं नव्हतं.) दुसऱ्या रकान्यात एकच ओळ होती: मीना मॅडम.

रकाने पाहून मनोज म्हणाला, "तुझी पोरगी सरकारपेक्षा चार महिन्यांनी धाकटी आहे. सरकारचं काही म्हणणं नाही. तुझंच आहे."

सासूबाईंचं मत वेगळं होतं. त्या म्हणाल्या, "आगं, कागद हाय तर हाय. त्याला बोलवायला कोण जातंय?"

आणि एक दिवस शाळा सुटल्यावर मीना मॅडम स्वतः दारात आल्या. आत आल्या नाहीत, एसटी चुकेल म्हणाल्या. हातात गुंडाळलेले तक्ते होते. भिंतीवरून त्यांनी ते काढायला सुरुवात केली होती. त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्यावर सगळे मिळून दडपण आणताहेत, मला कळलंय. तुम्ही खरीच तारीख ठेवा. पोरीचं वय पोरीचं असतं."

सृष्टी माझ्या पदराला धरून उभी होती. तिनं तक्त्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिनं हात डोक्यावरून नेला आणि कान शोधू लागली. मी तिथल्या तिथे तिला चंदरकडे पाठवलं. केस बारीक.

सुरगाण्याच्या मुलांनाही बाई लागतात, हे मला मान्य आहे. पण ती मुलं माझी नव्हती. आईच्या विचारांना तालुक्याची हद्द नसते असं म्हणतात, माझ्या विचारांना असते.

विस्तार अधिकारी भिकन भामरे साहेब जुलैच्या दहा तारखेला आले. सटाण्याकडचे, उंच, पांढऱ्या मिशांचे. व्हरांड्यात टेबल मांडलं, पहिलीची चौदा मुलं ओळीनं उभी केली, मागे पालक. मीना मॅडम खडूच्या डबीतले तुकडे लांबीप्रमाणे लावत होत्या. गोटीराम गुरुजी लिंबाच्या झाडाकडे पाहत होते, जणू ते झाड त्यांनी आजच पाहिलं. सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. आणि माझ्या काखेत पर्स होती, पर्समध्ये दाखला. तो मी मुद्दाम नव्हता आणला. तो घरी ठेवून बाहेर पडायची मला भीती वाटायची, इतकंच.

तपासणी सुरळीत चालली. नाव, कान, एक जून. नाव, कान, एक जून. नवव्या मुलापासून साहेब तारखेच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' लिहू लागले. दहावा मुलगा चुकून डाव्या हातानं उजवा कान धरून उभा राहिला, तोही नियमात बसतो असा साहेबांनी निर्णय दिला.

"सृष्टी मनोज दरेकर." साहेबांनी मान वर केली. "आई कोण? बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता. तुमच्याकडं कागद असंल."

ट्रॅक्टरची ताटली वाऱ्यानं जराशी वाजली.

मी आयुष्यात तोवर खोटं बोलले नव्हते असं नाही. पण टेबलासमोर उभं राहून बोलले नव्हते. मी पर्स घट्ट दाबली. आत प्लास्टिक करकरलं.

"नाही साहेब," मी म्हटलं. "कागद नाही."

"मग केव्हाची म्हणायची?"

आणि बी. ए., अर्थशास्त्र, दुसरा वर्ग, अशा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कांदा चाळीत भरायला घेतला होता साहेब. त्याच दिवशी म्हैस व्याली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्यापुढे ठोस पुरावा आला होता. "काय झालं म्हशीला?"

"पारडी."

"चांदीची," सासूबाई खांबाजवळून म्हणाल्या. "अकरा वेतं व्याली पुढं." अठ्ठ्याण्णव ते दोन हजार तीन, पाच वर्षांत अकरा वेतं. कोणीही हिशेब केला नाही.

"म्हंजे एप्रिल-मे," साहेब म्हणाले. "म्हंजे एक जून. कान."

सृष्टीनं हात डोक्यावरून नेला. केस बारीक होते, महिन्याभराचा सराव होता. तरी बोट नखभर वरच थांबलं. ती टाचा उंच करू लागली, जणू काय त्यानं हात लांब होतो. मीना मॅडमच्या हातातला खडू मोडला. तेव्हा साहेबांनी हात पुढे केला आणि तिची मान हलकेच कानाच्या बाजूला वाकवली.

"ताठ कशाला उभी राहतेस, पोरी? पुढं अभ्यासाला वाकायचंच आहे."

बोट टेकलं. मी श्वास सोडणार, तेवढ्यात साहेबांनी सहज, लिहिता लिहिता, तिलाच विचारलं, "वाढदिवस कधी असतो गं तुझा?"

पूर्ण नाव, गाव, जन्मतारीख. दोन वर्षांची असल्यापासून रोज सकाळी. हे मी माझ्या हातानं केलं होतं. पोरगी आता घडाघडा बोलणार, पट साठ, तक्ते गुंडाळलेले, आणि मी भर व्हरांड्यात खोटारडी.

सृष्टीनं साहेबांकडे पाहिलं आणि विचारलं, "घरचा का शाळेचा?"

गुरुजींनी लिंबावरची नजर काढली.

साहेबांनी पेनाचं टोक कागदावरून उचललं. मग म्हणाले, "शाळेचा."

"एक जून."

"ठीक शे," साहेब आपल्या अहिराणीत म्हणाले, आणि त्यांनी 'वरीलप्रमाणे' लिहिलं. पट एकसष्ट. पेनाचं टोपण लावून झाल्यावर ते सृष्टीला हळूच म्हणाले, की माझाबी शाळेचा एक जूनच. घरचा पोळ्याचा होता. आई होती तोवर ती पोळ्याला बैलांच्या आधी मला ओवाळायची. आई गेली तसा घरचा राहिला नाही, मग शाळेचाच धरला.

एवढं बोलून ते खिचडी खायला गेले. खिचडीत मीठ कमी आहे असा शेरा त्यांनी वहीत मारला. बाकी सर्व समाधानकारक.

पुढच्या वर्षी एकतीस मेला गोटीराम गुरुजी आणि भामरे साहेब एकाच दिवशी निवृत्त झाले. त्याच दिवशी तालुक्याच्या कचेरीत इतकी माणसं निवृत्त झाली, की निरोपाचं भाषण करायला मागे राहिलेला एकमेव कारकून परजिल्ह्यातला होता. मीना मॅडम अजून निंबाळवाडीतच आहेत. 'रडून झालं की सांग' हे त्यांचं वाक्य आता गावात भावकीच्या भांडणातही वापरलं जातं. अमेरिका अजून कपाटामागेच आहे. स्वच्छतागृहं अजून स्वच्छ आहेत.

सृष्टीला आता दहा पूर्ण होतील. दर चार ऑक्टोबरला सकाळी सात-वीसला मी तिला ओवाळते. सगळ्या कागदोपत्री ती एक जूनची आहे आणि जोवर मी आहे तोवर ती चार ऑक्टोबरचीही आहे. हे भामरे साहेबांमुळे कळलं तेव्हापासून मी वेळेवर जेवते, रस्ता दोन्ही बाजूला पाहून ओलांडते. लॅमिनेशन केलेला दाखला डाळीच्या डब्यात, डाळीच्या खाली आहे.

अलीकडे गावातल्या बाळंतपणांना दवाखाने मिळाले आणि घरोघर कागद झाले. मी आता शाळेच्या समितीवर आहे. दर जूनला गावातून फिरते आणि नव्या आयांना एकच सल्ला देते: कागद काढा, जपून ठेवा, पण प्लास्टिकात घालू नका. एखाद्या वर्षी पट साठ भरतो.

तुम्ही हे वाचून आमच्या गावाला हसला असाल. हसा. पण तुमच्या जन्मतारखेला तरी पुरावा काय? आईनं सांगितलं? ती त्या वेळी दुसऱ्या कामात होती, हे मी सुरुवातीलाच नमूद केलेलं आहे. आणि समजा, तुमच्याकडे खऱ्या तारखेचा खरा कागद असेल आणि तो तुमच्या घरच्यांनी टेबलावर ठेवला असेल, तर जरा आठवून पाहा: त्या वर्षी तुमच्या शाळेतून कोणत्या बाई बदलून गेल्या?

असो. मघाशी कृती वाचताना तुमचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे गेलाच असेल. पोचला? मान थोडी वाकवलीत, तेही चालतं. हात खाली घ्या. नोंद झाली.